पत्रक ई-२

वार्तुही आणि गारेगिन माझ्या टेबलाशी बसले
मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून.
एकतीस वर्षं झाली, ती म्हणाली,
आता वेगळं राहायचं. पण ग्लेनडेलमध्ये
दुसरं घर परवडतंय कुणाला?
म्हणून परसात, गॅरेजच्या मागे,
चारशे ऐंशी चौरस फूट.
"ह्यांच्यासाठी," त्याच्याकडे न बघता.

मी नकाशे काढते, पण भिंतींचे नाही,
भिंतींच्या पोटातले.
हवा, वीज, पाणी.
खिडक्या-बिडक्या आर्किटेक्ट बघतो.
मला विचाराल तर घर म्हणजे
काय कुठून येतं आणि कुठे जातं, एवढंच.

नेहमीचा प्रश्न विचारला: मीटर एक की दोन?
ती म्हणाली दोन. तो म्हणाला एक.
एकदमच.
मग मी आकडा सांगितला,
नव्या मीटरचा, खोदाईचा, कंपनीच्या चकरांचा,
आणि बराच वेळ खोलीत
फक्त प्रिंटर कुरकुरत राहिला.
एक, ती म्हणाली. पण बिल निम्मं निम्मं.

एम-१ वर त्याचा स्वतःचा एसी, भिंतीवरचा, लहान.
थर्मोस्टॅटवरून इतकी वर्षं जे धुमसत होतं
ते एका चौकोनात मिटलं.
न्हाणीघरातला पंखा एक माप मोठा घ्या,
हे तिनेच सुचवलं:
सिगरेट तिथेच ओढणार हा, दार लावून.
गारेगिन छताकडे बघत होता.

सांडपाण्याला भांडण कळत नाही.
त्याला उतार कळतो.
फुटाला पाव इंच,
बेचाळीस फुटांत साडेदहा.
कमी दिला की तुंबतं.
आणि जायला रस्ता एकच: जुन्या घराची नळी.
तिचं आंघोळीचं पाणी, त्याच्या बशा विसळलेलं पाणी
फाटकाच्या अलीकडे अकरा फुटांवर
एकमेकांत मिसळणार.
हे मी बोलून दाखवलं नाही.
पी-१ वर दिसतंच.

जुनी नळी शोधायला एलेउतेरियोने चर खणला
तेव्हा कुदळ जर्दाळूच्या मुळाला लागली.
मनगटाएवढं मूळ, बरोबर आमच्या रेषेवर.
कापू? त्याने विचारलं.
गारेगिन खांदे उडवून म्हणाला, काप.
झाड त्याच्याच आईने लावलेलं.
सपाता घालून वार्तुही धावत आली,
जिचं सासूशी एक दिवस पटलं नव्हतं,
आणि चराच्या कडेला उभी राहिली.
हात लावायचा नाही.

मग मी नळी वळवली.
दोन अर्धे काटकोन, सफाईचं एक तोंड जास्त,
सहा फूट जास्त, म्हणजे दीड इंच आणखी खोल.
सगळी बेरीज पुन्हा.

नगरपालिकेकडून संच परत आला,
नेहमीसारखा लाल शाईने रंगलेला:
पॅनेल दोनशे अँपियरचं दाखवा,
धुराच्या घंटा एकमेकींना जोडा.
त्यावर त्या दोघांनी घरी बसून सह्या केलेल्या.
ई-२ उलटलं तर लाल नव्हतं असं काही होतं.
पेन्सिल.
परसातल्या वाटेवर मी एक दिवा दिला होता,
स्विच त्याच्या दाराशी.
कुणीतरी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशीही
एक खूण केली होती, वेडीवाकडी,
आणि तिथून दिव्यापर्यंत तुटक रेघ,
चुकून जर्दाळूच्या आरपार गेलेली.

जिन्यातल्या दिव्यासारखं.
खालचा लावतो, वरचा विझवतो.

फोन केला. ती म्हणाली, मी नाही काढलं.
त्याला केला. तो म्हणाला,
अंधारात कुणीतरी पडेल तिथे, ठेवा.

ठेवलं. झाड चुकवून रेघ नीट काढली.
अशा जोडणीत दोन स्विचांच्या मध्ये
दोन तारा धावतात,
आणि दिवा बंद असला तरी
त्यातल्या एकीत वीज असतेच.
कोणत्या, ते टेस्टर लावल्याशिवाय सांगता येत नाही.

मंगळवारी मंजुरी आली.
बिलात मी त्या दिव्याचे पैसे धरले नाहीत,
आणि कुणी विचारलंही नाही.